दिवाळखोरीची फी कुठून आणायची?

१० जानेवारी १९७३ या एकाच दिवशी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन निकाल दिले. निकालांच्या एकाच खंडात ते वीसेक पानांच्या अंतराने छापलेले आहेत. पहिला होता न्यू जर्सीतल्या फिलपॉट नावाच्या अपंग माणसाचा. सोशल सिक्युरिटी या केंद्र सरकारच्या सामाजिक विमा योजनेकडून त्याला अपंगत्वाच्या वेतनाची थकबाकी मिळाली होती, सुमारे १,८६४ डॉलर. कौंटीच्या मदत मंडळाने त्याला आधी मदत दिली होती आणि ती या रकमेतून परत मिळावी असा त्यांचा दावा होता. न्यायालयाने एकमताने सांगितलं की हा पैसा कुणालाही घेता येणार नाही, सरकारी मंडळालासुद्धा नाही.

दुसरा निकाल ब्रुकलिनच्या क्रास नावाच्या माणसाचा. नोकरी गेलेली, तान्ह्या मुलाला सिस्टिक फायब्रोसिस, अडीच खोल्यांत बायको, दोन मुलं, आई आणि आईची सहा वर्षांची मुलगी. सगळं घर सरकारी मदतीवर चाललेलं. त्याला दिवाळखोरीचा अर्ज करायचा होता आणि अर्जाची फी होती ५० डॉलर. ती भरायला पैसे नाहीत, तेव्हा फी माफ करा, एवढंच त्याचं मागणं होतं. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने ते फेटाळलं. बहुमताच्या वतीने न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी हिशेब मांडला की हप्ते पाडून घेतले तर आठवड्याला १ डॉलर २८ सेंट पडतात. सिनेमाच्या तिकिटापेक्षा ही रक्कम कमी आणि सिगारेटच्या एकदोन पाकिटांहून थोडी जास्त, असं त्यांनी लिहिलं. न्यायमूर्ती मार्शल यांनी आपल्या भिन्नमतात त्यावर कडक शब्दांत हरकत घेतली. गरीब माणूस कसा जगतो याची कल्पना नसलेल्यांनी त्याच्या आठवड्याच्या खर्चाबद्दल अशी गृहीतकं धरू नयेत, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

आजारपणामुळे किंवा अपघातामुळे काम सुटलेला, सरकारी वेतनावर जगणारा आणि कर्जाने वेढलेला अमेरिकेतला माणूस आजही या दोन निकालांच्या मध्ये उभा आहे. त्याच्या पैशाला कायद्याचं भक्कम संरक्षण आहे. पण कर्जातून सुटण्याच्या दाराशी फी आहे, आणि ती त्याला त्या संरक्षित पैशातूनच काढावी लागते.

आधी हा पैसा कोणता ते पाहू. अपंगत्वाचं सरकारी उत्पन्न तिथे मुख्यतः दोन प्रकारचं आहे आणि दोन्हींची नावं इतकी सारखी आहेत की अमेरिकेत जन्मलेल्या माणसांचाही गोंधळ होतो. एक एसएसडीआय. हा विमा आहे. नोकरी करत असताना पगारातून सोशल सिक्युरिटीचा कर कापला जातो, त्यातून तो उभा राहतो. पुरेशी वर्षं काम केलेल्या माणसाला अपंगत्व आलं की त्याच्या कमाईच्या प्रमाणात दरमहा रक्कम सुरू होते. २०२५ साली ती सरासरी १,५८० डॉलरच्या आसपास होती. दुसरा एसएसआय. हा १९७४ पासून सुरू झालेला, सरकारी तिजोरीतून दिला जाणारा आधार आहे. पुरेशी नोकरी झालेली नसली तरी तो मिळतो, पण माणूस खरोखर निर्धन असावा लागतो. २०२५ साली एकट्या माणसाला केंद्राकडून मिळणारी जास्तीत जास्त रक्कम होती महिन्याला ९६७ डॉलर.

सोशल सिक्युरिटी कायद्याचं कलम २०७ हे या पैशाचं कवच. सोशल सिक्युरिटीच्या पैशावर जप्ती, टाच किंवा वसुलीची कोणतीही न्यायालयीन कारवाई चालणार नाही, असं ते सांगतं. एवढंच नव्हे, दिवाळखोरीच्या कायद्याचाही त्यावर अंमल चालणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. एसएसआयलाही हेच संरक्षण लागू आहे. २०११ साली अर्थखात्याने नियम करून ही जबाबदारी थेट बँकांवर टाकली. कुणी न्यायालयाचा जप्तीहुकूम घेऊन आलं तर बँकेने आधी खात्यातले मागच्या दोन महिन्यांचे व्यवहार पाहायचे. त्या काळात सोशल सिक्युरिटीचा पैसा थेट जमा झालेला असेल तर तेवढी रक्कम खातेदाराला मोकळी ठेवायची. त्यासाठी खातेदाराने अर्ज करायची गरज नाही.

इथे दोन खाचखळगे आहेत आणि ते माहीत नसल्याने माणसं अडचणीत येतात. हे आपोआप मिळणारं संरक्षण थेट जमा होणाऱ्या पैशाला आहे. धनादेश आणून भरला किंवा पैसे दुसऱ्या खात्यात वळवले, तर हक्क जात नाही, पण मग तो न्यायालयात जाऊन सिद्ध करावा लागतो आणि तोवर खातं गोठलेलं राहतं. दुसरं असं की हा नियम बाहेरून येणाऱ्या जप्तीपुरता आहे. ज्या बँकेचं देणं थकलंय त्याच बँकेत वेतन जमा होत असेल, तर बँक परस्पर वळतं करून घेऊ पाहील ही धास्ती राहतेच. म्हणून वेतनासाठी ज्या बँकेचं काही देणं नाही अशा बँकेत वेगळं खातं काढावं आणि त्यात दुसरा पैसा मिसळू नये. हे करायला एक दिवस पुरतो आणि खर्च जवळपास शून्य.

आता समजा, ओहायो राज्यात एकटी राहणारी, गोदामात वीस वर्षं ओझी उचलून पाठीचे मणके गेलेली एक पंचावन्न वर्षांची बाई आहे. एसएसडीआय १,४८० डॉलर. भाडं ७५०, वीज आणि गॅस १४०, फोन-इंटरनेट ७०, गाडीचा विमा आणि पेट्रोल १७०, किराणा २५०, औषधं ९०. बेरीज १,४७०. उरले दहा डॉलर. अंगावर क्रेडिट कार्डांचे चौदा हजार, इस्पितळाचे नऊ हजार आणि आधीच्या, ओढून नेलेल्या गाडीच्या कर्जाची चार हजारांची बाकी. दिवसातून आठ-दहा फोन वसुलीवाल्यांचे. ही बाई काल्पनिक आहे, पण तिच्या हिशेबाच्या कागदात अवास्तव काही नाही.

तिला पहिला प्रश्न विचारायला हवा तो हा की तुला दिवाळखोरीची गरज आहे का? घर नाही, नोकरी नाही, बँकेत शिल्लक नाही, येणाऱ्या वेतनाला कलम २०७ चं कवच. कार्ड कंपनीने दावा लावला, हुकूमनामा मिळवला, तरी वसूल काय करणार? तिथले वकील अशा माणसाला ‘जजमेंट प्रूफ’ म्हणतात. त्याच्याविरुद्ध निकाल लागू शकतो, पण त्याच्या खिशात कुणी हात घालू शकत नाही. फोनांचा त्रास थांबवायलाही वकील लागत नाही. १९७७ च्या वसुली-व्यवहाराच्या कायद्यानुसार, यापुढे माझ्याशी संपर्क करू नका, असं लेखी कळवलं की बाहेरच्या वसुली संस्थेला फोन थांबवावे लागतात. मूळ बँकेला मात्र हा नियम लागू नाही. पत्राची प्रत ठेवावी आणि पोचपावतीने पाठवावं. खर्च टपालाचा.

याचा अर्थ दिवाळखोरी निरुपयोगी आहे असा नाही. स्वतःचं घर असेल तर हुकूमनाम्याचा बोजा त्यावर चढू शकतो. नवरा कमावता असेल, कर्ज दोघांच्या नावावर असेल, तर त्याच्या पगारावर टाच येते. तब्येत सुधारून पुन्हा कामावर जायची आशा असेल, तर पहिल्याच पगारातून कपात सुरू होईल, कारण हुकूमनामे वर्षानुवर्षं जिवंत राहतात. भाऊ किंवा मुलगी जामीन राहिलेली असेल तर आपली सुटका झाली तरी धनको त्यांच्यामागे लागतो, हेही आधीच ध्यानात घ्यावं लागतं. आणि एक कारण कोणत्याही तक्त्यात बसत नाही. दारावर नोटीस लागण्याच्या भीतीने रात्र रात्र झोप न लागणं हे आजारी माणसाच्या औषधांच्या यादीत भर घालतं. त्या झोपेसाठी कुणी दिवाळखोरी मागितली तर माझ्या मते ते पुरेसं कारण आहे.

उलट काही देणी अशी आहेत की तिथे कवचालाच भोक आहे आणि दिवाळखोरीही फारशी कामाची नाही. पोटगी आणि मुलांच्या खर्चाची थकबाकी एसएसडीआयमधून कापली जाते. केंद्राच्या कराची थकबाकीही. सरकारी शैक्षणिक कर्जासारख्या केंद्राच्या देण्यांसाठी १९९६ च्या कायद्याने वेतनाच्या १५ टक्क्यांपर्यंत कपातीची मुभा दिली आणि महिन्याला ७५० डॉलर तेवढे सुरक्षित ठेवले. हा ७५० चा आकडा महागाईबरोबर वाढलेला नाही. १९९६ साली त्यात जे भागत होतं ते आज भागत नाही, आणि हा मला या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत निष्काळजी आकडा वाटतो. एसएसआय मात्र या कपातीतून मोकळं आहे. शैक्षणिक कर्जासाठी वेगळी वाट आहे. पूर्ण आणि कायमचं अपंगत्व असलेल्यांचं सरकारी शैक्षणिक कर्ज माफ होतं, आणि २०२१ पासून शिक्षण खातं सोशल सिक्युरिटीच्या नोंदी जुळवून पात्र माणसांना ही माफी अर्जाविनाही देऊ लागलं.

समजा आपल्या ओहायोच्या बाईने सगळा विचार करून दिवाळखोरीच ठरवली. तिच्यासाठी योग्य प्रकार चॅप्टर सेव्हन. यात विकण्याजोगी मालमत्ता असेल तर ट्रस्टी ती विकून धनकोंना देतो आणि उरलेली बहुतेक देणी रद्द होतात. तिच्यासारख्यांकडे विकण्याजोगं काहीच नसतं. अर्ज दाखल होताच वसुली, दावे, फोन सगळं कायद्याने थांबतं. महिनाभराने ट्रस्टीसमोर हजेरी, आता बहुतेक ठिकाणी व्हिडिओवर. शपथेवर काही मिनिटांचे प्रश्न. त्यानंतर साधारण दोन महिन्यांनी कर्जमुक्तीचा आदेश. पहिल्या कागदापासून चार महिन्यांत विषय संपतो.

२००५ साली अमेरिकी काँग्रेसने दिवाळखोरीचा कायदा कडक केला आणि उत्पन्नाची चाचणी आणली, म्हणजे जास्त कमावणाऱ्याला चॅप्टर सेव्हन सहजी मिळू नये. या चाचणीत सोशल सिक्युरिटीचा पैसा उत्पन्न म्हणून धरतच नाहीत. त्या बाईचं चाचणीपुरतं उत्पन्न शून्य. पण मालकाच्या खासगी विम्यातून अपंगत्वाची रक्कम येत असेल तर ती मोजली जाते. माजी सैनिकांचं अपंगत्व वेतनही मोजलं जात होतं. जखमी सैनिकाला कमावता ठरवणारी ही तरतूद २०१९ च्या हेवन कायद्याने दुरुस्त केली, चौदा वर्षांनी.

आता खर्च. न्यायालयाची फी ३३८ डॉलर, त्यात २४५ अर्जाचे, ७८ प्रशासनाचे, १५ ट्रस्टीचे. क्रासला जी माफी नाकारली गेली ती गरिबांना सरसकट मिळायला बत्तीस वर्षं लागली. ज्या २००५ च्या कायद्याने दार अरुंद केलं त्यातच ही तरतूद आली. घरचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या दीडपटीच्या आत असेल आणि हप्त्यांनीही फी भरणं शक्य नसेल, तर न्यायाधीश चॅप्टर सेव्हनची फी माफ करू शकतो. २०२५ साली एकट्या माणसाची दारिद्र्यरेषा वर्षाला १५,६५० डॉलर होती. दीडपट म्हणजे २३,४७५, महिन्याला सुमारे १,९५६. आपल्या बाईचे १,४८० त्याच्या खूप आत आहेत.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी, कारण अर्ज भरताना नेमकी इथेच चूक होते. उत्पन्नाच्या चाचणीत सोशल सिक्युरिटी मोजत नाहीत, पण फीमाफीच्या अर्जात मोजतात. तोच पैसा, तेच न्यायालय, एका फॉर्मवर शून्य आणि दुसऱ्यावर १,४८०. फूड स्टॅम्प किंवा घरभाड्याच्या सवलतीसारखी वस्तुरूप मदत मात्र माफीच्या अर्जातही वगळायची असते. ही वजाबाकी करायची राहून गेली तर उत्पन्न फुगलेलं दिसतं आणि अर्ज नाहक अडतो.

माफीचा फॉर्म १०३बी जवळून पाहण्यासारखा आहे. घरात माणसं किती, उत्पन्न किती, खर्च किती. पुढच्या सहा महिन्यांत उत्पन्न दहा टक्क्यांहून अधिक वाढेल किंवा घटेल असं वाटतं का. हातात रोख किती, खात्यात किती, गाडी कोणती आणि तिची किंमत किती. या अर्जासाठी कुणाला पैसे दिले का, दिले तर किती. आणि एक जागा मोकळी सोडलेली: ही फी हप्त्यांनी का भरू शकत नाही ते न्यायालयाला सांगा. बरीच माणसं इथे ‘पैसे नाहीत’ एवढंच लिहून मोकळी होतात. त्याऐवजी आकडे लिहावेत. दरमहा १,४८० येतात, १,४७० जातात, खर्चाची यादी सोबत आहे, औषधांचा खर्च कमी करता येत नाही, येत्या काळात उत्पन्न वाढण्याची शक्यता नाही. चार हप्ते पाडले तर प्रत्येकी साडेचौऱ्याऐंशी डॉलर, आणि माझ्याकडे महिन्याला दहा उरतात. एवढं वाचल्यावर न्यायाधीशाला अंदाज बांधावा लागत नाही. सोशल सिक्युरिटीचं चालू वर्षाचं वेतनपत्र जोडावं, ते फुकट मिळतं.

माफी नाकारली तरी अर्ज बाद होत नाही. न्यायालय हप्ते ठरवून देतं, जास्तीत जास्त चार, एकशेवीस दिवसांत, आणि सबळ कारण असेल तर मुदत एकशेऐंशी दिवसांपर्यंत वाढते. हप्ता चुकला तर मात्र अर्ज काढून टाकला जाऊ शकतो. वकिलाला काही पैसे दिले म्हणून फीमाफी आपोआप नाकारली जात नाही, हेही नियमांत आहे.

फीखेरीज दोन छोटे अभ्यासक्रम सक्तीचे. अर्जाआधीच्या एकशेऐंशी दिवसांत कर्ज-समुपदेशन आणि अर्जानंतर पैशाच्या व्यवस्थापनाचा धडा. दोन्ही फोनवर किंवा संगणकावर होतात आणि प्रत्येकाला दहा ते पन्नास डॉलर पडतात. मान्यताप्राप्त संस्थांना ऐपत नसलेल्या माणसाला सेवा नाकारता येत नाही, आणि दारिद्र्यरेषेच्या दीडपटीखालचा माणूस ऐपत नसलेलाच धरला जातो. पण ही फीमाफी मागितल्याशिवाय मिळत नाही. नोंदणीच्या पहिल्या पानावरच माफी मागावी. आजार इतका गंभीर असेल की फोनवरही भाग घेणं अशक्य आहे, तर न्यायालय समुपदेशनातूनच सूट देऊ शकतं. ही वाट अरुंद आहे, पुरावा लागतो.

खरा डोंगर वकिलाचा आहे. साध्या चॅप्टर सेव्हनला वकील हजार ते दोन हजार डॉलर घेतात आणि ते आधी घेतात. त्याला कारण आहे. अर्जाआधीची वकिलाची बाकी इतर कर्जांसारखीच दिवाळखोरीत रद्द होऊ शकते, आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने लेमी खटल्यात ठरवलं की चॅप्टर सेव्हनमध्ये ऋणकोच्या वकिलाची फी साधारणपणे त्याच्या मालमत्तेतून देता येणार नाही. त्यामुळे ‘नंतर देतो’ म्हणणाऱ्या गरिबाला वकील मिळणं अवघड. चॅप्टर थर्टीनमध्ये मात्र तीन ते पाच वर्षांची परतफेडीची योजना असते आणि वकिलाची फी त्या मासिक हप्त्यांत बसवता येते. ‘आज एक पैसाही देऊ नका’ अशा जाहिराती बहुधा याच्याच असतात. घराचे हप्ते थकलेत आणि घर वाचवायचंय अशा माणसाला चॅप्टर थर्टीन उपयोगी आहे. आपल्या ओहायोच्या बाईला नाही. जे चार महिन्यांत सुटलं असतं त्यासाठी तिला तीन वर्षं हप्ते भरावे लागतील, तेही ज्या पैशाला कुणी हात लावू शकत नव्हतं त्या पैशातून. अशा योजना मोठ्या संख्येने अर्ध्यावर कोसळतात, आणि कोसळल्या की कर्ज पुन्हा जिवंत. आज हातात हजार डॉलर नाहीत एवढ्याच कारणाने आजारी माणसाला या वाटेवर घालणं मला सरळ अन्यायाचं वाटतं.

‘तुमचं कर्ज निम्म्यात मिटवतो’ म्हणणाऱ्या तडजोड कंपन्यांचंही तेच. फोनवरून गिऱ्हाईक पकडणाऱ्या अशा कंपन्यांना आगाऊ फी घ्यायला २०१० पासून मनाई आहे. पण गिऱ्हाईकाला दरमहा ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात साठवायला लावतात. सोशल सिक्युरिटीचा पैसा असा बाजूला काढून देणं म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःचं कवच उतरवणं.

मग वकिलाचे पैसे नसलेल्याने काय करावं? १९७४ साली स्थापन झालेल्या लीगल सर्व्हिसेस कॉर्पोरेशनच्या निधीवर चालणारी मोफत विधी केंद्रं देशभर आहेत. त्यांची उत्पन्नाची मर्यादा सहसा दारिद्र्यरेषेच्या सव्वापट, म्हणजे २०२५ साली एकट्या माणसाला महिन्याला सुमारे १,६३०. सरासरी एसएसडीआय त्यात बसतं. केंद्रांकडे रांग मोठी असते, म्हणून नाव लवकर नोंदवावं. विधी महाविद्यालयांची सल्ला केंद्रंही अशी प्रकरणं घेतात. २०१६ साली रोहन पावुलुरी आणि सहकाऱ्यांनी अपसॉल्व्ह ही ना-नफा संस्था काढली. तिच्या संगणकीय साधनाने साध्या चॅप्टर सेव्हनचे कागद फुकट तयार होतात. घर, धंदा किंवा गुंतागुंतीची मालमत्ता असणाऱ्यांसाठी ते नाही, पण ओहायोच्या बाईसारख्यांसाठीच ते बनवलंय. फक्त फॉर्म टाइप करून देणारे लोकही पैसे घेऊन काम करतात. त्यांना कायद्याचा सल्ला द्यायला मनाई आहे. कुठली मालमत्ता वाचवावी हे त्यांनी सांगितलं तर ते कायदा मोडतायत आणि त्यांची चूक मात्र अर्जदाराच्या अंगावर येते.

एसएसआयवरच्या माणसाची कोंडी आणखी वेगळी आहे. एकट्या माणसाने २,००० डॉलरपेक्षा जास्त मालमत्ता बाळगायची नाही, जोडप्याने ३,०००. ही मर्यादा १९८९ पासून बदललेली नाही. आता वकिलासाठी दीड हजार साठवायचे, भाड्याचे सहाशे बाजूला ठेवायचे, आणि महिन्याच्या सुरुवातीला खात्यात २,१०० निघाले, तर त्या महिन्याचं एसएसआयच जातं. कर्जातून सुटण्यासाठी काटकसर करावी आणि त्या काटकसरीपायी पोटावर यावं, असा हा नियम आहे. वकिलाला थोडे थोडे देत राहणं हा एक उपाय. ठरावीक वयाआधी अपंगत्व आलेल्यांसाठी २०१४ च्या कायद्याने एबल खाती आली. त्यातले एक लाख डॉलरपर्यंत एसएसआयसाठी मोजत नाहीत. आधी वयाची अट २६ होती, जानेवारी २०२६ पासून ती ४६ झाली.

हे सगळं मराठीत कशाला, तर न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत मराठी घरं आहेत आणि त्यांतही पक्षाघात येतो, कर्करोग होतो, नोकरी जाते. व्हिसावर असोत की ग्रीनकार्डावर, पगारातून सोशल सिक्युरिटीचा कर बहुतेक सगळ्यांचाच कापला जातो. कामाची पुरेशी वर्षं भरली असतील आणि वास्तव्य कायदेशीर असेल, तर एसएसडीआयसाठी नागरिकत्वाची अट नाही. एसएसआयचे नियम परदेशी नागरिकांसाठी बरेच कडक आहेत. दिवाळखोरीचा अर्जही तिथे राहणारा कुणीही करू शकतो. आपल्या घरांत अडसर असतो तो लाजेचा. चार लोकांना कळेल म्हणून भारतातलं घर विकून तिथलं क्रेडिट कार्ड फेडणारी माणसं असतात, आणि तेही न फेडता चाललं असतं असं देणं. एक इशारा मात्र हवा. अर्जात भारतातली मालमत्ताही शपथेवर सांगावी लागते. गावचा वाटणीतला हिस्सा, आईबरोबरचं जोडखातं, सगळं. ते लपवणं गुन्हा आहे. असं काही असेल तर मोफत साधनावर न थांबता वकील गाठावाच.

खुद्द भारतात सामान्य माणसाला अशी वाट जवळपास नाही. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत अगदी गरीब ऋणकोसाठी ‘फ्रेश स्टार्ट’ नावाची तरतूद लिहिलेली आहे. वार्षिक उत्पन्न ६० हजारांच्या आत, मालमत्ता २० हजारांच्या आत, कर्ज ३५ हजारांच्या आत, स्वतःचं घर नाही, अशा माणसाचं कर्ज माफ व्हावं म्हणून. पण व्यक्तींसाठीचा तो भाग कंपन्यांच्या जामीनदारांपुरताच लागू झाला, डिसेंबर २०१९ मध्ये. बाकीच्यांसाठी मुंबई, कोलकाता आणि चेन्नईत अजून १९०९ चा आणि इतरत्र १९२० चा नादारीचा कायदा आहे. कर्ज असलेल्या आपल्याकडच्या अपंग माणसाला फी माफ होईल का हा प्रश्नसुद्धा पडत नाही, कारण दारच उघडलेलं नाही.

अमेरिकेतल्या माणसासाठी शेवटची गोष्ट वेळेची, आणि ती पैशाइतकीच महत्त्वाची आहे. चॅप्टर सेव्हनने कर्जमुक्ती एकदा मिळाली की पुढची आठ वर्षं पुन्हा मिळत नाही, आणि अर्जाच्या तारखेनंतरची देणी त्यात येत नाहीत. एसएसडीआय मंजूर झालं तरी अपंगत्वाच्या पहिल्या पाच महिन्यांचे पैसे मिळत नाहीत, आणि मेडिकेअरचा आरोग्यविमा त्यानंतर चोवीस महिन्यांनी सुरू होतो. एएलएससारखे थोडे आजार याला अपवाद. या एकोणतीस महिन्यांत मेडिकेड हा गरिबांचा सरकारी आरोग्यविमा मिळाला नाही तर इस्पितळाची बिलं येतच राहतात. म्हणून फोनांना कंटाळून मधेच अर्ज करून टाकला आणि तीन महिन्यांनी शस्त्रक्रिया झाली, तर ते नवं बिल आठ वर्षं मानेवर राहतं. कवच भक्कम आहे, घाई कुणाची नाही. वसुलीवाल्यांना पत्र पाठवावं, वेतनाचं खातं वेगळं करावं, विधी केंद्रात नाव घालून ठेवावं, आणि मेडिकेअरचं कार्ड हातात आल्यावर, ठरलेले उपचार उरकल्यावर अर्जाची तारीख ठरवावी.